उंच कंपोस्ट पेटीत ढकलगाडी रिकामी करणे: मुंबईतील सोसायट्या, चाळी व उद्यानांसाठी सोप्या पद्धती

गिरगावातील वाड्या, दादरच्या हिंदू कॉलनी व पारशी कॉलनीतील इमारती, परळ-लालबागच्या चाळी व गृहसंकुले यांपैकी अनेक ठिकाणी आता आवारातच ओल्या कचऱ्याचे खत केले जाते. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनंतर मुंबई महापालिकेने २०१७ मध्ये २०,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या किंवा रोज १०० किलोपेक्षा जास्त कचरा निर्माण करणाऱ्या संकुलांना ओल्या कचऱ्यावर आवारातच प्रक्रिया करण्यास सांगितले. त्यानंतर पेट्या आल्या, कल्चर आले, प्रशिक्षण झाले. मात्र कचरा गाडीतून पेटीत नेमका कसा जाणार, याचा विचार बहुतेक ठिकाणी झाला नाही.

एकचाकी ढकलगाडीची कड जमिनीपासून साधारण दोन फुटांवर असते आणि पेटीचा काठ तीन ते साडेतीन फुटांवर. मधली उंची सफाई कामगार किंवा माळी स्वतःच्या कमरेच्या आणि खांद्याच्या जोरावर भरून काढतो. रोज एक गाडी ओला कचरा, म्हणजे सुमारे ४० किलो धरला, तरी महिन्याला १,२०० किलो वजन छातीपर्यंत उचलले जाते. हे काम करणाऱ्यांमध्ये स्त्रिया बऱ्याच असतात आणि पन्नाशी ओलांडलेलेही असतात. पाठ दुखू लागली की कचरा पेटीत न पडता पेटीशेजारी पडू लागतो. मग वास, माश्या, उंदीर, रहिवाशांच्या तक्रारी आणि शेवटी प्रकल्प बंद, असा क्रम ठरलेला आहे. म्हणून या साध्या कामाची नीट आखणी करणे खत चांगले होण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

पेटी उंच का ठेवावी लागते?

पेटीच बुटकी करावी, असे कोणालाही वाटेल. पण कंपोस्टच्या ढिगाला किमान आकार लागतो. साधारण १ मीटर लांब, १ मीटर रुंद व १ मीटर उंच ढीग असेल तरच आतील उष्णता टिकते आणि तापमान ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत जाते. या तापमानाला तणांचे बी व बहुतेक रोगजंतू मरतात. ढीग फारच लहान असला तर तो तापत नाही, नुसता सडतो. उलट दीड मीटरपेक्षा उंच केल्यास खालचा थर दबतो, हवा खेळत नाही व दुर्गंधी येते.

आपल्याकडील नाडेप टाकी याच हिशोबाने बांधलेली आहे. पुसद (जि. यवतमाळ) येथील नाडेप काका पांढरीपांडे यांनी विकसित केलेल्या या टाकीची मापे १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच अशी आहेत. विटांच्या भिंतीत हवेसाठी भोके ठेवलेली असतात. तीन फूट उंचीत ढीगही होतो आणि माणसाला घमेले रिकामे करता येते. नवीन पेटी घ्यायची किंवा बांधायची असल्यास काठ ३ फुटांपेक्षा (९० सेंमी) उंच ठेवू नये.

खड्डा हा गाडी रिकामी करण्यासाठी सर्वांत सोपा प्रकार. इंदूर पद्धतीत खड्डे वापरले जात आणि कोरड्या हवेच्या भागात ते चालतात. पण मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत सुमारे २,००० मिमी पाऊस पडतो. हिंदमाता, परळ, लालबागच्या सखल भागात पाणी साचते. खड्ड्यातील कचरा पाण्याखाली गेला की हवेशिवाय कुजतो आणि घाण पाणी आवारभर पसरते. त्यामुळे येथे जमिनीवरची पेटीच योग्य.

आधी चार मापे घ्या

उपाय ठरवण्यापूर्वी टेप घेऊन पुढील मापे कागदावर लिहा.

१. पेटीच्या काठाची उंची. २४० लिटरच्या चाकांच्या प्लास्टिक डब्याचा काठ साधारण १०५ ते ११० सेंमी असतो, १२० लिटरच्या डब्याचा ९५ सेंमीच्या आसपास.

२. गाडीची ओतण्याची उंची. रिकामी गाडी दांडे वर उचलून पुढे पूर्ण कलती करा. त्या स्थितीत पुढची कड जमिनीपासून किती उंच राहते ते मोजा. बहुतेक गाड्यांत हे माप १० ते २५ सेंमी भरते. गाडी उभी असताना कड दोन फुटांवर दिसते. पण ओतताना गाडी चाकावरून पुढे फिरते व कड खाली येते. हे लक्षात न घेतल्यामुळे अनेक ठिकाणी बांधलेला उतार बुटका पडतो.

३. काम करणाऱ्या व्यक्तीच्या कोपराची उंची. सरळ उभे राहून हात दुमडल्यावर जमिनीपासून कोपर किती उंच आहे ते पाहा. साधारण १५५ सेंमी उंचीच्या व्यक्तीत ते ९५ सेंमीच्या आसपास येते. पेटीचा काठ कोपराच्या खाली असला तर काम सोपे होते. काठ खांद्याजवळ गेला तर भार पाठीवर व खांद्यावर येतो.

४. पेटीसमोरची मोकळी जागा आणि वाटेची रुंदी. गाडी ६० ते ७० सेंमी रुंद असते. वळण्यासाठी किमान १.५ मीटर मोकळी जागा धरावी. गिरगावातील काही गल्ल्यांमध्ये आणि इमारतींमधल्या हाउस गल्लीत गाडी जाईल, पण वळणार नाही.

गाडीत काय आहे?

८० लिटरची गाडी काठोकाठ भरली तर वजन साधारण असे येते:

- सुका पालापाचोळा: ५ ते ८ किलो
- ओली फुले व निर्माल्य: २५ ते ३० किलो
- स्वयंपाकघरातील ओला कचरा: ४० किलोच्या आसपास
- तयार ओलसर खत: ४५ ते ५० किलो
- ओली लाल माती: १०० किलोपेक्षा जास्त

म्हणजे पाचोळ्यासाठी योग्य असलेली पद्धत ओल्या कचऱ्यासाठी चालेलच असे नाही. फाइव्ह गार्डन्स, शिवाजी पार्क परिसरात जानेवारी ते मार्चमध्ये पर्जन्यवृक्ष व देशी बदामाची पाने ढिगाने पडतात. तेथे अडचण वजनाची नसून आकारमानाची आहे. दादरच्या फुलबाजारातील शिल्लक फुले, देवळांतील हार आणि गणेशोत्सवातील निर्माल्य यांत अडचण वजनाचीही आणि गुंत्याचीही. हारांचे दोरे गाडीच्या चाकात व दाताळ्यात अडकतात. दोरे, प्लास्टिक व जरीच्या पट्ट्या गाडीत भरण्यापूर्वीच काढून घ्याव्यात.

पद्धत १: गाडीतच बादल्या ठेवा

जागा कमी असलेल्या चाळी व वाड्यांसाठी ही सर्वांत सोपी पद्धत. गाडीत कचरा सुटा न भरता २० लिटरच्या तीन-चार बादल्या किंवा छोटे क्रेट बसवावेत. कचरा थेट त्यातच घ्यावा. गाडी फक्त वाहतुकीसाठी वापरायची. पेटीपाशी एकेक बादली उचलून रिकामी करायची. सुटा कचरा गाडीतून फावड्याने काढताना दुप्पट काम होते, ते येथे वाचते.

२० लिटर ओला कचरा म्हणजे सुमारे १० किलो. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा विभागाच्या मार्गदर्शनात खांद्याच्या उंचीवर हात लांब करून उचलायचे वजन पुरुषांसाठी १० किलो व स्त्रियांसाठी ७ किलो असे दिले आहे. त्यामुळे बादली पुरुषांनी काठोकाठ, तर स्त्रियांनी दोन-तृतीयांश भरावी. मूठ असलेलीच बादली घ्यावी. तळाला हात घालता येईल अशी असल्यास ओतताना मनगटावर ताण येत नाही.

पद्धत २: पेटीशेजारी पायरी

पेटी उंच आहे आणि बदलता येत नाही, अशा वेळी माणूस उंच करावा. २० ते २५ सेंमी उंचीची पक्की पायरी पेटीला लागून ठेवल्यास १०७ सेंमीचा काठ ८२ ते ८७ सेंमीवर आल्यासारखा होतो, म्हणजे कोपराच्या खाली.

- पायरी किमान ६० × ९० सेंमी असावी. दोन्ही पाय आरामात मावले पाहिजेत.
- विटा व सिमेंटची बांधावी किंवा जाड फळ्यांची करावी. सुट्या विटा, उलटी बादली किंवा रंगाचा डबा पायरी म्हणून वापरू नये.
- वरचा पृष्ठभाग खरखरीत ठेवावा.
- बादली हातात घेऊन चढू नये. गाडी पायरीच्या बाजूला आणून उभी करावी, आधी स्वतः चढावे, मग गाडीतून बादली उचलावी.

एका पायरीने भागत नसेल तर दुसरी पायरी वाढवण्याऐवजी पेटी बदलण्याचा विचार करावा. ओझे घेऊन दोन पायऱ्या चढ-उतार करणे पावसाळ्यात धोक्याचे आहे.

पद्धत ३: पुढची बाजू उघडी असलेले तीन कप्पे

नवीन व्यवस्था उभारणाऱ्यांसाठी ही शिफारस आहे. १ × १ मीटरचे तीन कप्पे एका रांगेत करावेत. मागची व बाजूची भिंत १ मीटर उंच. पुढच्या बाजूला भिंतीऐवजी दोन्हीकडे खाच ठेवून त्यात १५ सेंमी रुंदीच्या फळ्या वरून सरकवता येतील अशी सोय करावी. फळ्यांमध्ये बोटभर फट ठेवावी म्हणजे हवा खेळते.

पहिल्या कप्प्याला पुढे जास्तीत जास्त एकच फळी लावावी. गाडी थेट तोंडाशी नेऊन कलती करावी. पडलेला कचरा दाताळ्याने मागच्या भिंतीकडे ओढत न्यावा, म्हणजे ढीग मागे उंच व पुढे उतरता होतो. प्रत्येक ओल्या थरावर दुप्पट ते तिप्पट आकारमानाचा सुका पाचोळा टाकावा. यामुळे कर्ब-नत्र गुणोत्तर २५ ते ३० : १ च्या जवळ राहते व वास येत नाही. पहिला कप्पा भरला की दाताळ्याने सर्व ढीग दुसऱ्या कप्प्यात पालटावा आणि ढीग वाढेल तशा पुढच्या फळ्या चढवाव्यात. दुसऱ्यातून तिसऱ्यात परत तसेच.

तुम्ही म्हणाल, उचलण्याचे काम तर झालेच. पण कंपोस्टला हवा देण्यासाठी ढीग पालटावाच लागतो. उंच पेटीत आधी कचरा चढवण्याचे काम आणि नंतर पालटण्याचे काम, असे दोनदा कष्ट होतात. येथे पालटण्यातच ढीग उंच होतो. शिवाय दाताळ्यावर एका वेळी दोन-तीन किलोच येते. दिवसाला एक गाडी किंवा त्याहून कमी कचरा असलेल्या ठिकाणी ही पद्धत बसते. जास्त कचरा असल्यास कप्पे वाढवावेत.

पद्धत ४: उतार आणि ओटा

मोठ्या उद्यानात किंवा संकुलात, जेथे रोज अनेक गाड्या रिकाम्या करायच्या असतात, तेथे उतार बांधणे फायद्याचे. हिशोब असा करावा:

ओट्याची उंची = पेटीचा काठ − गाडीची ओतण्याची उंची + ५ सेंमी

उदाहरणार्थ, काठ ९० सेंमी व ओतण्याची उंची २० सेंमी असल्यास ओटा ७५ सेंमी हवा. ५ सेंमी जास्त घेतल्याने कड काठावर घासत नाही.

उताराचे प्रमाण १:८ ठेवावे, म्हणजे १ सेंमी चढण्यासाठी ८ सेंमी लांबी. ७५ सेंमीच्या ओट्याला ६ मीटर उतार लागेल. ४० किलो कचरा व १३ किलोची गाडी असे ५३ किलो १:८ उतारावर चढवताना सुमारे ६.५ किलोचा अतिरिक्त जोर लागतो. १:६ वर तो ९ किलो आणि १:४ वर १३ किलो होतो. शिवाय दांड्यांवरचा भार वेगळा. जागा वाचवण्यासाठी फळी तिरकी टाकून १:३ चा उतार केल्यास गाडी मागे येऊन माणसाच्या अंगावर पडू शकते.

- उताराची रुंदी किमान १ मीटर असावी व दोन्ही कडांना १० सेंमीची कडा असावी.
- वरचा ओटा किमान १.२ × १.२ मीटर, सपाट असावा. उतारावरच उभे राहून गाडी ओतू नये.
- ओट्याच्या टोकाला ८ ते १० सेंमी जाड लाकडी ओंडका किंवा लोखंडी अँगल पक्का बसवावा. चाक त्याला टेकले की थांबते. ओंडका पेटीच्या काठाच्या अगदी लगत असावा, नाहीतर कचरा मधल्या फटीत पडेल.
- मजबूत विटांची भिंत असल्यास चाक भिंतीला टेकवता येते. नाडेप टाकीच्या भोके असलेल्या भिंतीवर किंवा प्लास्टिकच्या पेटीवर मात्र गाडीचा भार देऊ नये.
- ओट्याच्या उघड्या बाजूंना कठडा हवा.

उतार बांधण्यापूर्वी आवारात आधीच असलेली उंची शोधावी. जुन्या चाळींचे जोते, बागेतील ओटा, गच्चीवरील पायऱ्यांचा सपाट भाग, पार्किंगकडे उतरणारी वाट यांच्या खालच्या बाजूला पेटी ठेवली की निम्मे काम होते. जागा निवडताना रहिवाशांचा जाण्या-येण्याचा व अग्निशमन गाडीचा मार्ग अडवू नये.

पद्धत ५: पाचोळ्यासाठी आडवा डबा किंवा ताडपत्री

सुकी पाने हलकी असली तरी गाडीतून उंच डब्यात ओतताना निम्मी बाहेर पडतात. चाकांचा २४० लिटरचा डबा जमिनीवर आडवा करावा, तोंड गाडीकडे करावे, पाने फावड्याने आत सरकवावीत आणि मग डबा उभा करावा. पूर्ण भरलेल्या पाचोळ्याचे वजन साधारण २० किलोच्या आत राहते, त्यामुळे उभा करणे सोपे जाते. ओल्या कचऱ्यासाठी ही युक्ती करू नये. तेवढ्या डब्याचे वजन १०० किलोवर जाते.

दुसरा मार्ग, गाडीत आधी दीड मीटर चौकोनी ताडपत्रीचा तुकडा किंवा शिवलेली गोणपाटे अंथरावीत व त्यावर पाने भरावीत. पेटीपाशी दोघांनी चार कोपरे धरून पोटली उचलावी आणि पेटीत उलटी करावी. बदामाची मोठी, जाड पाने तशीच टाकल्यास कुजायला वेळ घेतात आणि जागाही जास्त खातात. ती आधी बारीक करून घेतल्यास फेऱ्याही कमी होतात.

गाडी ओतण्याची योग्य पद्धत

- जड कचरा गाडीत चाकाच्या बाजूला, म्हणजे पुढे भरावा. भार चाकाजवळ गेला की दांड्यांवरचे वजन कमी होते.
- गाडी पाऊण भरावी. काठोकाठ भरलेली गाडी वळताना कलंडते.
- चाकातील हवा आठवड्यातून एकदा तपासावी. बसक्या चाकाची गाडी ढकलायला बरीच जड जाते.
- ओतताना गुडघे थोडे वाकवून, पाठ सरळ ठेवून पायांच्या जोराने दांडे वर न्यावेत. कंबर वळवून बाजूला ओतू नये.
- गाडी सुटली तर धरून ठेवण्याचा प्रयत्न करू नये. दांडे सोडून मागे व्हावे. सांडलेला कचरा परत भरता येतो.
- ओला कचरा गाडीला चिकटतो. भरण्यापूर्वी तळाला सुक्या पानांचा किंवा कोकोपीटचा थर टाकावा.

पावसाळ्यातील काळजी

जूनपूर्वी पेटीवर व उतारावर पत्र्याचे छप्पर करावे. उतारावर शेवाळ धरते. ते दर आठवड्याला ताठ ब्रशने घासावे. गुळगुळीत कोबा असल्यास आडव्या खाचा पाडून घ्याव्यात. काम झाल्यावर गाडी व रिकाम्या बादल्या उलट्या करून ठेवाव्यात. त्यांत पाणी साचले तर डेंग्यूचे डास होतात. उंदरांचा वावर असलेल्या व पाणी तुंबणाऱ्या भागात लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. त्यामुळे कामगारांना गमबूट व हातमोजे द्यावेत आणि पायाला जखम असलेल्या व्यक्तीला हे काम देऊ नये. पावसात कचरा भिजून आणखी जड होतो. या काळात बादली अर्धीच भरावी आणि कोरडा पाचोळा उन्हाळ्यातच गोणीत भरून साठवून ठेवावा.

कोणती पद्धत निवडावी?

- अरुंद वाडी किंवा चाळ, एक-दोन डबे: पद्धत १ व २ एकत्र.
- मध्यम सोसायटी, थोडी मोकळी जागा: तीन कप्पे.
- उद्यान किंवा मोठे संकुल, रोज अनेक गाड्या: उतार व ओटा.
- फक्त पानगळ: आडवा डबा किंवा ताडपत्री.

निर्णय समितीच्या बैठकीत घेण्यापूर्वी जी व्यक्ती रोज गाडी ढकलते तिला बोलवा. भरलेली गाडी तिच्याकडून एकदा रिकामी करून घ्या, कोठे थांबावे लागते व कोठे हात वर जातात ते पाहा. बादल्यांची पद्धत उद्यापासून सुरू करता येते, पायरी एका दिवसात बांधून होते. कप्प्यांचे किंवा उताराचे काम मात्र मे महिन्याअखेर पूर्ण करावे, म्हणजे पहिल्या पावसाआधी सिमेंट पक्के होईल.